गणिताची पायरी दाखविणारे भास्कराचार्य

शाळकरी विद्यार्थ्याच्या वहीत ‘क्ष मानू’ या शब्दांनी आजही उदाहरणाची सुरुवात होते. अज्ञात राशीला नाव द्यायचे, दिलेली माहिती दोन बाजूंना मांडायची आणि एकेक पद वजा करीत उत्तरापाशी पोहोचायचे, ही रीत शिष्यांना समजेल अशा शब्दांत मांडणाऱ्या प्राचीन गणितींमध्ये भास्कराचार्यांचे स्थान अग्रगण्य आहे.

शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मध्ये त्यांचा जन्म झाला. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जलविड हे त्यांचे गाव. ज्योतिषशास्त्राचे जाणकार असलेले वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ सिद्ध केला. अंकगणित व भूमिती सांगणारी ‘लीलावती’ आणि अज्ञात राशींचे ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग होत.

‘लीलावती’तील वेळूचे उदाहरण प्रसिद्ध आहे. ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडून त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकला, तर तो किती उंचीवर मोडला? उभा भाग क्ष मानल्यास मोडलेला भाग ३२ वजा क्ष होतो, आणि तोच काटकोन त्रिकोणाचा कर्ण ठरतो. कर्णाचा वर्ग म्हणजे १०२४ वजा ६४ क्ष अधिक क्षचा वर्ग. तो उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका, म्हणजे क्षचा वर्ग अधिक २५६ असतो. दोन्हीकडील क्षचा वर्ग गेला की ६४ क्ष बरोबर ७६८ उरते. उत्तर १२ हात.

केवळ रीत पाठ करून घेण्यावर आचार्यांचा भर नव्हता. १५ आणि २० लांबीच्या बाजू असलेले चार काटकोन त्रिकोण जुळवून, मध्ये ५ बाजूचा लहान चौरस ठेवून, कर्णाचा वर्ग ६२५ आणि कर्ण २५ कसा येतो, हे त्यांनी ‘बीजगणिता’त उलगडून दाखविले. अनेक अज्ञात राशींसाठी त्यांनी काळक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे योजली.

लीलावती ही त्यांची कन्या, ही आख्यायिका फैजीच्या १५८७ मधील फार्सी भाषांतरामुळे सर्वदूर पोहोचली. ११८३ मध्ये, वयाच्या ६९व्या वर्षीही त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ रचला.

मात्र ग्रंथ लिहिल्याने विद्या टिकतेच असे नाही. ती शिकविणारा आणि शिकविण्याचा खर्च सोसणारा समाजही लागतो. तेराव्या शतकाच्या आरंभी आचार्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळील पाटणे येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. बाजारपेठेतील मालाच्या उलाढालीतून मठाला काय द्यावे, हे तेथील शिलालेखात जुन्या मराठीत कोरले आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी यांनी हा लेख उजेडात आणला. एका गावाने आपल्या बाजाराच्या उत्पन्नातून गणिताचे शिक्षण चालविले, याची ती साक्ष आहे.