रक्तसाक्षी व्हॅलेंटाइन

तिसऱ्या शतकांत रोमी बादशाहीत ख्रिस्ती लोकांचा छळ होत असतां व्हॅलेंटाइन यानें प्रभूसाठीं प्राण दिला. रोम शहराच्या उत्तरेस फ्लामिनिया रस्त्यालगत त्यास पुरलें. चौथ्या शतकांत तेथें उपासनामंदिर झालें. त्यानें शिपायांचीं लग्नें गुप्तपणें लाविलीं, ही कथा फार मागाहूनची आहे. १४ फेब्रुवारी हा त्याचा स्मरणदिन. त्या दिवशीं पक्षी जोडीदार निवडितात, असें चौदाव्या शतकांत इंग्रज कवि चॉसर यानें वर्णिलें, आणि पुढें इंग्लंडांत प्रेमाच्या चिठ्ठ्या देण्याची चाल पडली. १९६९ सालीं रोमी मंडळीनें आपल्या सर्वसाधारण सणपंचांगांतून त्याचें नांव वगळिलें. बंधुभगिनींनो, चिठ्ठी एका दिवसाची. आपल्या माणसांसाठीं झिजणें रोजचें. जो घरीं असा झिजतो, तोच या रक्तसाक्षीचा दिवस खरा पाळितो.