जोशुआ स्लोकम

जोशुआ स्लोकम (२० फेब्रुवारी, १८४४ – अंदाजे नोव्हेंबर, १९०९) हे अमेरिकन दर्यावर्दी व लेखक होते. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे ते पहिले नाविक होत.

पूर्वायुष्य

स्लोकम यांचा जन्म नोव्हा स्कॉशिया (आता कॅनडात) येथे झाला. किशोरवयात घर सोडून ते जहाजावर गेले आणि पुढे कप्तान झाले. १८८७ मध्ये त्यांचे 'अ‍ॅक्विडनेक' हे जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यावर फुटले. वाफेच्या जहाजांमुळे शिडाच्या कप्तानांना काम मिळेनासे झाले होते. अशा काळात त्यांना 'स्प्रे' ही पडून असलेली जीर्ण नौका मिळाली. सुमारे ३७ फूट लांबीची ही नौका त्यांनी ओकच्या लाकडाने स्वतः नव्याने बांधली.

मॅजेलनची सामुद्रधुनी

२४ एप्रिल, १८९५ रोजी बोस्टनहून निघालेल्या या प्रवासाची खरी कसोटी दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी लागली. तेथील कडे सरळ पाण्यात उतरतात. त्यामुळे नांगराला तळ लाभावा म्हणून नौका किनाऱ्याच्या अगदी जवळ न्यावी लागते. डोंगरांवरून अकस्मात कोसळणाऱ्या 'विलीवॉ' या वाऱ्यामुळे तीच जवळीक धोक्याची ठरते. नांगर टाकल्यावरही पहाऱ्यास दुसरा माणूस नसल्याने निश्चिंत झोप शक्य नव्हती.

मार्च १८९६ मध्ये पॅसिफिक महासागरात शिरताच वादळाने 'स्प्रे'ला केप हॉर्नच्या दिशेने रेटले. परतताना ती रात्रीच्या अंधारात 'मिल्की वे' या खडकाळ भागात सापडली. चहूकडे फुटणाऱ्या लाटांच्या आवाजावरून दिशा ओळखत स्लोकम यांनी पहाटेपर्यंत नौका वाचवली. पुढे एका निवाऱ्याच्या जागी नांगर टाकून, डेकवर टोकदार चुका पसरून ते झोपले. मध्यरात्री नौकेवर चढलेले स्थानिक लोक चुका पायांत रुतताच ओरडत पळाले. युरोपीय वसाहतींमुळे हे लोक त्या काळी आपल्याच भूमीत देशोधडीला लागत होते. पोर्ट अँगोस्टो या बंदरातून बाहेर पडण्याचे सहा प्रयत्न फसल्यावर, १३ एप्रिल रोजी सातव्या प्रयत्नात त्यांना यश आले.

उत्तरायुष्य व वारसा

सुमारे ४६,००० मैलांचा प्रवास करून २७ जून, १८९८ रोजी ते ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट येथे पोहोचले. १९०० मध्ये त्यांचे प्रवासवर्णन ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पुढे 'स्प्रे'मधूनच दक्षिणेकडे निघालेले स्लोकम परतले नाहीत. १९२४ मध्ये न्यायालयाने त्यांना मृत घोषित केले. अशी एकल पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय दिलीप दोंदे होत. त्यांनी २००९–१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या नौकेतून ती पूर्ण केली.