मतपेटी आणि जात

निवडणुकीचे वारे वाहू लागले की आमच्या नागपुरात इतवारीपासून सीताबर्डीपर्यंत एकच हिशेब सुरू होतो. कोणत्या वस्तीत कोणत्या जातीची किती घरे, आणि म्हणून कोणत्या जातीचा उमेदवार. दुकानाच्या गादीवरील शेटजी असोत की न्यायालयातील आमचे वकीलबंधू असोत, हा हिशेब चुकला तर त्यांस वाईट वाटते. तो मांडावा लागतो याचे वाईट वाटणारे विरळा. आणि राजकारणात जात आणली कोणी, असे विचारताच यांपैकी पुष्कळांचे बोट डॉ. भीमराव आंबेडकरांकडे वळते. आरोप गंभीर आहे. तेव्हा त्याचा निवाडा पुराव्यावरून व्हावा. पुरावा म्हणजे त्यांचे चरित्र होय, आणि त्यातील काही मोठे प्रसंग याच शहरात घडले आहेत.

सुभेदार रामजींच्या या मुलाचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. मुंबईचे शिक्षण संपवून तो कोलंबिया विद्यापीठात गेला व पुढे लंडनला पोहोचला. परंतु १९१७ साली बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू होताच या विद्वानास राहावयास घर मिळेना. परदेशच्या पदव्या जात पुसू शकल्या नाहीत. विद्येने जे साधत नाही ते राज्यकारभारातील हिश्श्याने तरी साधेल काय, हा प्रश्न तेथून पुढे त्यांच्याबरोबर राहिला. १९१९ साली मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली ती हाच प्रश्न घेऊन.

पुढच्याच वर्षी, मे १९२० च्या अखेरीस, शाहू छत्रपतींच्या अध्यक्षतेखाली नागपुरात बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. वादाचा मुद्दा असा, की कायदेमंडळातील अस्पृश्यांचा प्रतिनिधी निवडावा कोणी? मंडळाच्या इतर सभासदांनी, की ज्यांचा तो प्रतिनिधी त्यांनी? तरुण आंबेडकर दुसऱ्या पक्षाचे होते. आम्ही वकील लोक जाणतो, की ज्या मुखत्याराची नेमणूक प्रतिपक्ष करतो, तो अशिलाचा मुखत्यार नव्हे.

१९३२ साली हाच मुद्दा प्राणांतिक होऊन उभा राहिला. ब्रिटिश सरकारच्या निवाड्याने अस्पृश्यांस विभक्त मतदारसंघ दिला; त्याविरुद्ध महात्माजींनी येरवड्यास उपोषण आरंभिले; आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा ठरल्या, त्यांपैकी २० आमच्या मध्यप्रांताच्या वाट्यास आल्या. अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक फेरीत चार उमेदवार निवडावे आणि त्यांतून एकास सर्व हिंदू मतदारांनी निवडून द्यावे, अशी व्यवस्था झाली. आम्ही राष्ट्रवादी, विभक्त मतदारसंघाने राष्ट्र दुभंगते असे आमचे मत आहे. तथापि करारातील उणीव आम्ही झाकणार नाही. ज्याला त्याच्या समाजाने पहिला मानले तो अंतिम फेरीत मागे पडावा आणि इतरांस जो सोयीचा तो पुढे यावा, याला या व्यवस्थेत वाव होता.

इतके होऊनही या पुरुषाने १९३६ साली जो पक्ष काढला त्याचे नाव स्वतंत्र मजूर पक्ष. त्या नावात जात नाही. १९३७ च्या निवडणुकीत तो पक्ष मुंबई इलाख्यात यशस्वी झाला. खोती नष्ट करण्याचे विधेयक आंबेडकरांनी मांडले, आणि खोतीखाली भरडलेल्या कुळांत कुणबीही होते, महारही होते. १९३८ साली मजुरांच्या संपाच्या हक्कासाठी ते साम्यवाद्यांबरोबर उभे राहिले.

मग १९४२ च्या जुलैत याच नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, म्हणजे जातीच्या नावाची संस्था, का जन्मास आली? त्याच वर्षी आलेल्या क्रिप्स योजनेने वाटाघाटी केल्या त्या काँग्रेसशी, लीगशी, जमातींच्या पुढाऱ्यांशी. मजुरांचा पुढारी म्हणून आंबेडकरांस तेथे वजन नव्हते. दारावर जात विचारली जात होती, म्हणून त्यांनी जात सांगितली. विचारणारा निर्दोष आणि सांगणारा तेवढा जातीयवादी, हा कोणता न्याय?

फेडरेशनची १९४६ च्या निवडणुकांत जवळजवळ सर्वत्र धूळधाण झाली. घटना समितीत आंबेडकरांस प्रथम बंगालमधून यावे लागले. फाळणीने ती जागा गेली, तेव्हा काँग्रेसने त्यांस मुंबईतून पाठविले. मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले. या राज्यघटनेत विभक्त मतदारसंघ नाहीत; मत सर्वांचे एक, जागा मात्र काही राखीव. ज्यावर त्यांच्या फुटीरपणाचा आरोप उभा होता, ती मागणी मागे ठेवूनच त्यांनी राष्ट्राची घटना रचली. सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड रखडल्यावर त्यांनी कायदेमंत्रिपद सोडले.

१९५२ साली उत्तर मुंबईतून ते उभे राहिले आणि काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर यांच्याकडून सुमारे १४ हजार मतांनी पडले. १९५४ साली नागपूरला लागून असलेल्या भंडाऱ्यात पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ द्विसदस्य होता, प्रत्येकास दोन मते होती. सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर आले, आंबेडकर पडले. या पराभवांचे सारे खापर जातीवर फोडणे वकिलीस शोभणार नाही. काँग्रेसची पुण्याई आणि पंडित नेहरूंचे नाव यांचेही बळ मोठे होते. परंतु घटनेचा शिल्पकार त्या घटनेखालच्या दोन्ही लोकसभा निवडणुकांत पडला, आणि आमच्या शेजारच्या जिल्ह्यातही पडला, ही नोंद पुसता येत नाही.

पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंसह त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला. सर्व पीडितांस सामावणारा नवा पक्ष त्यांच्या मनात होता. पण ६ डिसेंबरला ते गेले, आणि रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, पुन्हा नागपुरातच, त्यांच्यावाचून स्थापन झाला.

पुरावा संपला. या मनुष्याने जातीबाहेर पडण्याचा मार्ग दोनदा धरला. एकदा राजकारणाने त्यास परत जातीत लोटले, दुसऱ्यांदा मृत्यूने गाठले. राजकीय बहुमत आज एकाचे, उद्या दुसऱ्याचे. जन्माने ठरलेले बहुमत कधी बदलत नाही, आणि तेथे निवडणूक ही केवळ शिरगणती उरते, हे त्यांनी ओळखले होते. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने गेले. शिरगणती राहिली.

आमच्या वाचकांनी निवाडा स्वतःच्याच घरात करावा. दरवर्षी दीक्षाभूमीवरील गर्दीचे आम्ही कौतुक करतो. परंतु राखीव नसलेल्या जागेवर एखाद्या कर्तबगार दलित उमेदवारास पक्षाने उभे केले, तर आपले मत त्यास पडेल काय? पडेल असे ज्यास छातीवर हात ठेवून म्हणता येईल, त्याने आंबेडकरांवर खुशाल आरोप करावा. पक्षांनी अशी उमेदवारी क्वचितच द्यावी, याचे कारण पक्षांस आपले उत्तर ठाऊक आहे, हेच नव्हे काय?