हाफकिन आणि आपलं सांडपाणी

पोलिओच्या डोसामुळे हाफकिन हे नाव आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण ते एका माणसाचं नाव आहे आणि तो माणूस डॉक्टर नव्हता, हे किती जणांना ठाऊक आहे? सांडपाण्याचा विषय निघाला की मला हटकून तोच आठवतो. का, ते सांगतो.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा इथं ज्यू कुटुंबात झाला. शिकले प्राणिशास्त्र, पण ज्यू असल्यामुळे रशियात प्राध्यापकीचं दार बंद. मग त्यांनी पॅरिस गाठलं. पाश्चर संस्थेत कॉलऱ्याची लस तयार केली आणि जुलै १८९२ मध्ये ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले.

मार्च १८९४ मध्ये कलकत्त्यातल्या एका वस्तीच्या तळ्यात कॉलऱ्याचे जंतू आहेत का, हे तपासायला त्यांना बोलावणं आलं. वस्ती सुमारे २०० माणसांची. त्यांपैकी ११६ जणांना त्यांनी लस टोचली. त्यानंतर जे आजारी पडले ते सगळे लस न घेतलेले! मला मात्र लसीइतकंच ते तळं महत्त्वाचं वाटतं. रोगाचा माग रोग्याच्या खाटेपाशी थांबला नाही, पाण्यापर्यंत गेला.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. हाफकिननी ग्रँट मेडिकल कॉलेजात अपुऱ्या जागेत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पुन्हा स्वतःवरच प्रयोग केला. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळला गेली.

१९०२ मध्ये मात्र घात झाला. पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना लस दिली, त्यांतले १९ जण धनुर्वाताने गेले. ठपका हाफकिनवर आला, पद गेलं. पण ते १९ जण एकाच बाटलीतली लस घेतलेले होते आणि ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता. हे मान्य होऊन त्यांच्यावरचा डाग पुसायला १९०७ उजाडलं. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ते वारले.

त्याच परळच्या आवारातल्या एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्राच्या मदतीने २००१ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतलं सांडपाणी पोलिओसाठी तपासलं जाऊ लागलं. कारण साधं आहे. लागण झालेल्या सुमारे २०० जणांत एखादाच लुळा पडतो. बाकीचे धडधाकट दिसतात, पण त्यांच्या शौचातून विषाणू बाहेर पडतच असतो. दवाखान्याला जे कळत नाही, ते गटाराला कळतं! करोनात हीच पद्धत जगभर वापरली गेली. अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतूही असेच शोधता येतात.

आता आपल्याकडं बघू. चंद्रपूर शहरात निदान नाल्यावर बाटली धरता येईल. पण भामरागड, एटापल्लीच्या टोल्यांवर भुयारी गटारच नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. मग बर्फातला नमुना प्रयोगशाळेत पोचणार कसा? शहरी गटारांवर बेतलेली पद्धत इथं जशीच्या तशी लावली, तर जंगलातला रोग कागदावर दिसणारच नाही. आश्रमशाळेच्या किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या सेप्टिक टँकमधून नमुना घेता येईल का? किती दिवसांनी घ्यायचा? आणि कुठली बाटली कुठून आली, कोणी उघडली, याची चोख नोंद कशी ठेवायची? ती नोंद किती मोलाची, हे मुलकोवालने दाखवलंच आहे.

हे प्रश्न एकट्या डॉक्टरांचे नाहीत, आपलेही आहेत. फायनल इयरचा प्रोजेक्ट शोधणाऱ्यांनी जरूर विचार करावा!