परिपाठातली गंमत आणि देवळालीचे कापरेकर सर



आम्ही विचुंब्याला परिपाठात प्रार्थना, दिनविशेष आणि बातम्या झाल्या की दोन मिनिटं मुलांसाठी राखून ठेवतो. कुणीही पुढे यावं आणि एक मजेशीर माहिती सांगावी. तुमच्याही शाळेत असं काहीतरी होत असणारच. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. घोडा उभ्याउभ्या झोपू शकतो. पगार आणि चावी हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले. मुंबई ते ठाणे पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली. अधूनमधून चंद्रावरून चीनची भिंत दिसते अशी एखादी पुडीही सुटते, आणि ती सोडणारं मूल सगळ्यात जास्त ठामपणे बोलत असतं!

एकदा पाचवीतल्या एका मुलानं सांगितलं, की कुठलीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा. जे उत्तर येईल त्याचं पुन्हा तसंच करा. शेवटी ६१७४ च येणार. मी घाईत होते. बरं, छान, बस आता, असं म्हणून मोकळी झाले. पण वर्गातल्या एका हुशार मुलीनं लगेच वहीत १००० घेऊन पाहिलं. १००० वजा १, म्हणजे ९९९. मग ९९९ वजा ९९९, म्हणजे शून्य. ती हसली, मग सगळा वर्ग हसला. मुलाचं तोंड एवढंसं झालं. मीही मनात म्हटलं, मोबाईलवर पाहिलेलं काहीतरी उचलून आणलंय. मुलाला तसं बोलले नाही, पण त्याच्या बाजूनेही बोलले नाही. त्याला ते कळलं असणार.

संध्याकाळी भाजी निवडता निवडता ते डोक्यात राहिलं म्हणून कागद घेऊन बसले, आणि चूक कुठे झाली ते दिसलं. संख्या चार अंकीच ठेवायची असते. ९९९ नाही, ०९९९ लिहायचं. मग ९९९० − ०९९९ = ८९९१. पुढे ९९८१ − १८९९ = ८०८२. मग ८८२० − ०२८८ = ८५३२. आणि ८५३२ − २३५८ = ६१७४. आलं की! मुलगा बरोबर होता. अगदी पूर्ण बरोबर नव्हता, कारण ११११ किंवा ७७७७ सारखे चारही अंक सारखे असले तर पहिल्याच वजाबाकीत शून्य येतं. तेवढा अपवाद सोडला तर कुठलीही संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ला पोचते. आणि ६१७४ चं पुन्हा तसंच केलं, तर ७६४१ − १४६७, परत ६१७४ च. तिथून सुटका नाही.

दुसऱ्या दिवशी परिपाठात मी हे फळ्यावर करून दाखवलं आणि त्या मुलाला सॉरी म्हटलं. मग त्यानंच विचारलं, की हे शोधलं कोणी? त्याचं उत्तर ऐकून वर्ग गप्प झाला. हे शोधणारा माणूस आपल्याच महाराष्ट्रातला, आणि आयुष्यभर शाळेत शिकवणारा मास्तर होता. आज तुम्हाला त्यांचीच ओळख करून द्यायची आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ ला डहाणूला झाला. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडिलांनी वाढवलं. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा फार नाद होता. आता पत्रिका खरी की खोटी हा वाद बाजूला ठेवा, पण पत्रिका मांडायची तर आकडेमोड सतत करावी लागते. त्या घरात आकडे रोजच्या बोलण्यात होते, आणि पोराला त्यांची गोडी लागली. पालकहो, इथे थोडं थांबून आपल्या घराकडे बघा. आपल्या घरात मुलांच्या कानावर काय पडतं?

शाळा ठाण्याला झाली, कॉलेज पुण्यात फर्ग्युसनला. तिथे १९२७ साली त्यांना स्वतंत्र गणिती कामासाठी रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचं बक्षीस मिळालं. १९२९ ला मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली आणि औपचारिक शिक्षण तिथेच थांबलं. पुढे ना एम.एस्सी., ना डॉक्टरेट. १९३० साली नाशिकजवळच्या देवळालीला ते शाळेत शिक्षक म्हणून लागले आणि १९६२ ला निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवत राहिले. बत्तीस वर्षं! तास, वह्या, परीक्षा, पेपर तपासणी हे सगळं आपल्यासारखंच. संख्यांशी खेळणं त्यातून उरलेल्या वेळात.

खेळणं हाच शब्द बरोबर आहे. त्यांना लागायचे फक्त कागद, पेन्सिल आणि चिकाटी. त्यांच्या शोधांची नावं बघा, म्हणजे माणूस कळेल. मोठे लोक शोधाला ग्रीक अक्षरं चिकटवतात. यांनी एका प्रकारच्या संख्यांना चक्क रेल्वे स्टेशनचं नाव दिलं! डोंबिवली स्टेशनला तेव्हा डेमलो म्हणत. तिथे त्यांना एक कल्पना सुचली म्हणून त्या संख्या झाल्या डेमलो संख्या. पनवेलहून दिव्याला जाऊन कल्याणची गाडी पकडली की दोन स्टेशनांवर डोंबिवली येतं. पुढच्या वेळी मुलं बरोबर असतील तर खिडकीतून दाखवा. त्यातल्या सगळ्यात देखण्या डेमलो संख्या मुलांना गुणाकार करून स्वतः काढता येतात. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. नऊ वेळा १ लिहून वर्ग केला तर १२३४५६७८९८७६५४३२१. डोंगर चढायचा आणि उतरायचा.

अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो ती हर्षद संख्या, म्हणजे हर्ष देणारी. १८ घ्या, १ आणि ८ मिळून ९, आणि ९ ने १८ ला भाग जातो. रामानुजन यांच्या नावाने प्रसिद्ध असलेली १७२९ सुद्धा हर्षद आहे. अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. आणि ६१७४? बेरीज १८, भागाकार ३४३. तोही सात गुणिले सात गुणिले सात! भागाकाराचा सराव घ्यायचा असेल तर पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांऐवजी एक दिवस वर्गाला हर्षद संख्या शोधायला लावून बघा. मुलं तास संपला तरी उठत नाहीत, हा माझा अनुभव.

मला स्वतःला सगळ्यात आवडतात त्या स्वयंभू संख्या. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४. म्हणजे २१ ही २४ ची आई. पण काही संख्यांना आईच सापडत नाही. २० घ्या. कुठल्याही संख्येपासून सुरू करा, २० येतच नाही. तसंच ३१, ४२, ५३. अशा, कुणापासूनही न जन्मलेल्या संख्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटलं, आणि आपल्या गावाचं नाव देऊन देवळाली संख्याही म्हटलं. आठव्या वर्षी आई गेलेल्या माणसाच्या हातून हे झालं. याचा अर्थ लावायचा नाही असं मी ठरवते, पण दर वेळी मन तिथेच जातं.

मागच्या वर्षी बहुतेकांच्या व्हॉट्सॲपवर आलं असेल की २०२५ हे वर्ष म्हणजे ४५ चा वर्ग, आणि २० अधिक २५ म्हणजे पुन्हा ४५. हीसुद्धा त्यांचीच देणगी. अशा संख्यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात. ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० अधिक २५ बरोबर ५५. २९७ चा वर्ग ८८२०९, तर ८८ अधिक २०९ बरोबर २९७. लोकांनी पुढे पाठवलेल्या त्या मेसेजमध्ये मात्र सरांचं नाव क्वचितच होतं.

६१७४ त्यांना सापडली १९४६ मध्ये. मद्रासला १९४९ साली झालेल्या गणित परिषदेत त्यांनी ती जाहीर केली. परिषदांना ते स्वतःच्या खर्चाने जात, आपलं बरंचसं काम पुस्तिका काढून स्वतःच छापत. शिक्षकाच्या पगारात! आणि त्याबदल्यात काय मिळालं? आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांनी हे काम किरकोळ ठरवलं. पोरखेळ, असा एकूण सूर. खरं सांगायचं तर त्यांच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. ६१७४ ची जादू आपण दहाच्या पटीत आकडे लिहितो म्हणून आहे. लिहायची पद्धत बदलली की ती जाते. यातून गणितातला कुठला मोठा प्रश्न सुटला नाही. पण म्हणून हसायचं का? मी माझ्या वर्गात त्या मुलाच्या बाबतीत हेच तर केलं होतं.

खेळ किरकोळ असला तरी त्याच्या तळाशी कारण आहे, आणि ते मोठ्या मुलांना समजावता येतं. उतरत्या क्रमातले चार अंक घ्या. पहिल्या आणि शेवटच्या अंकातला फरक गुणिले ९९९, अधिक मधल्या दोन अंकांतला फरक गुणिले ९०, एवढंच ती वजाबाकी असते. त्यामुळे उत्तर नेहमी नऊच्या पटीत येतं. आणि ०००० पासून ९९९९ पर्यंत दहा हजार संख्या असल्या तरी, सारख्या अंकांच्या सोडून, पहिल्या वजाबाकीनंतर फक्त ५४ उत्तरं शक्य असतात. गर्दी पहिल्याच दारात इतकी कमी होते. तीन अंकांसाठी असाच मुक्काम ४९५ ला. दोन अंकांत मात्र मुक्काम नाही. ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ असं गोल गोल फिरत बसावं लागतं.

१९६२ ला सर निवृत्त झाले. पेन्शन पुरेना, म्हणून गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेऊ लागले. १९६६ मध्ये पत्नी गेल्या. संख्यांचा नाद चालूच. मग मार्च १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकरांच्या कामाबद्दल लिहिलं. ते सदर जगभर वाचलं जायचं. देवळालीच्या मास्तरांचं नाव एकदम सगळीकडे पोचलं. तेव्हा त्यांचं वय सत्तर होतं आणि ६१७४ सापडून २९ वर्षं झाली होती. १९८६ मध्ये ते गेले.

हे सगळं मुलांना सांगितलं, तेव्हा १००० घेऊन हसलेली तीच मुलगी उठली. तिला आता ज्याला त्याला ६१७४ ला पोचवायचं वेड लागलं होतं. शाळेबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांच्या एमएच ४६ च्या पाट्यांवरचे आकडेही तिनं सोडले नव्हते. तिनं आमच्या पिनकोडचे शेवटचे चार अंक घेतले. पनवेलचा पिनकोड ४१०२०६, म्हणजे ०२०६. फळ्यावर लिहिलं ६२०० वजा ००२६. उत्तर ६१७४. एकाच पायरीत! वर्गात जो गलका झाला, तो शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या इतका मोठा होता. कारण साधं आहे. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान अंकात ६ चा फरक आणि मधल्या दोघांत २ चा, असं जमलं की एका उडीत पोचता येतं. तुमच्या गावाचा पिनकोड करून बघा.

मग तो मुलगा पुढे आला, ज्यानं हे सगळं सुरू केलं. त्याला सरांचं जन्मसाल करून बघायचं होतं. मी खडू त्याच्या हातात दिला. ९५१० वजा ०१५९, ९३५१. ९५३१ वजा १३५९, ८१७२. पुढे ७४४३. मग ३९९६. मग ६२६४. मग ४१७६. वर्ग मोठ्यानं पायऱ्या मोजत होता. सहा झाल्या, अजून आलं नव्हतं. त्यानं फळ्याच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, वाकून, सातवी वजाबाकी मांडली.