जॉर्ज सायमन ओहम

जर्मनीतील अर्लांगेन या शहरी १६ मार्च १७८९ रोजी जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म झाला. त्यांचे वडील कुलपे तयार करणारे कारागीर होते. त्यांना शालेय शिक्षण फारसे लाभले नव्हते; परंतु हातातील काम सांभाळून त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने गणित व विज्ञान यांचे चांगले ज्ञान संपादन केले होते. जॉर्ज दहा वर्षांचा असताना त्याची आई निवर्तली. सात भावंडांपैकी तिघेच जगली. वडिलांनी आपल्या मुलांना जवळ बसवून स्वतः गणित शिकवले.

सोळाव्या वर्षी जॉर्ज विद्यापीठात गेला. तेथे त्याचे लक्ष अभ्यासापेक्षा नृत्य, बिलियर्ड आणि बर्फावरील घसरणीचे खेळ यांतच अधिक रमू लागले. वडिलांना याचे फार वाईट वाटले. तीन सत्रांनंतर जॉर्जला विद्यापीठ सोडावे लागले व स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणिताचे शिक्षक म्हणून जावे लागले. मात्र परक्या मुलखात तो खचला नाही. थोर गणितज्ञांचे ग्रंथ त्याने एकट्याने अभ्यासले आणि १८११ साली अर्लांगेनला परत येऊन विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळवली.

१८१७ साली ओहम कोलोन येथील शाळेत शिक्षक झाले. या शाळेची प्रयोगशाळा सुसज्ज होती. व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने १८०० साली विद्युत्‌घट तयार केल्यापासून तारेतून वीज वाहू लागली होती. परंतु ती किती वाहते आणि कशामुळे कमीजास्त होते, याचा निश्चित नियम कोणालाच सांगता येत नव्हता. ओहम यांनी तो शोधण्याचे ठरवले.

१८२५ साली त्यांनी आपला पहिला निष्कर्ष प्रसिद्ध केला; पण तो बरोबर नव्हता. त्या वेळचे विद्युत्‌घट प्रयोग चालू असतानाच क्षीण होत जात, त्यामुळे मापे विश्वसनीय येत नसत. चूक ध्यानी येताच ओहम यांनी तिला कवटाळून न बसता प्रयोग नव्याने मांडला. दोन भिन्न धातूंचे सांधे निरनिराळ्या तापमानांवर ठेवले असता वीज निर्माण होते, या शोधाचा त्यांनी उपयोग केला. तांबे व बिस्मथ यांचा एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवल्यावर विजेचा पुरवठा स्थिर राहू लागला. मग सारख्या जाडीच्या, परंतु वेगवेगळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा त्यांनी एकामागून एक जोडल्या आणि टांगलेल्या चुंबकसूचीच्या साहाय्याने प्रत्येक वेळचा प्रवाह मोजला.

या चिकाटीला यश आले. तार जितकी लांब तितका तिचा विजेला होणारा विरोध, म्हणजे रोध, अधिक. आणि रोध कायम असता दाब जितका वाढवावा तितकाच प्रवाह वाढतो, असे सिद्ध झाले. हा सिद्धांत मांडणारा ग्रंथ १८२७ साली बर्लिन येथे प्रसिद्ध झाला.

परंतु त्याचे स्वागत थंडपणे झाले. विजेचा विचार गणिताने करणे पुष्कळ विद्वानांना रुचले नाही. विद्यापीठात अध्यापक होण्याची ओहम यांची आशा मावळली. कोलोनची नोकरी सोडून ते कित्येक वर्षे बर्लिनमध्ये थोड्याशा शिकवणीवर राहिले. १८३३ साली न्यूरेंबर्ग येथे त्यांना अध्यापकाची जागा मिळाली. पुढे १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ली पदक अर्पण केले, तेव्हा त्यांच्या कार्याची थोरवी जगाला उमगली. १८५२ साली म्यूनिक विद्यापीठातील प्राध्यापकपद त्यांना लाभले. पण त्यानंतर दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी, ते निधन पावले. १८८१ साली पॅरिस येथे भरलेल्या विद्युत्‌शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने रोधाच्या मापाला ओहम हे नाव मान्य केले.

ज्या नियमासाठी ओहम यांनी इतके सोसले, तो आज शाळेतील मुलालाही वापरता येतो. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती मिळते. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी कोल्हार हे गाव आहे. तेथील एखाद्या घरात २३० व्होल्ट दाबावर चालणारी विजेची शेगडी ५ अँपिअर प्रवाह घेत असेल, तर तिचा रोध ४६ ओहम आणि शक्ती ११५० वॅट होय. म्हणजे तासाभरात ती १.१५ युनिट वीज खर्च करील.

हाच हिशेब शेतातही उपयोगी पडतो. ५ अँपिअर प्रवाह वाहून नेणाऱ्या तारांचा एकूण रोध २ ओहम असेल, तर १० व्होल्ट दाब वाटेतच खर्ची पडतो आणि ५० वॅट शक्ती तारा तापवण्यात वाया जाते. तितक्याच जाडीच्या तारा दुप्पट लांब असल्या, तर हे नुकसानही दुप्पट होते. म्हणूनच दूरच्या विहिरीवर बारीक तारेने वीज नेली की मोटारीला पुरेसा दाब मिळत नाही. ती कष्टाने फिरते, तापते आणि प्रसंगी जळते. जाणता शेतकरी अशा ठिकाणी जाड तार घालतो. कोलोनच्या प्रयोगशाळेत आठ तारा धीराने मोजणाऱ्या त्या शिक्षकाचे श्रम अशा रीतीने प्रवरेकाठच्या मळ्यातही फळाला आले आहेत.