विश्लेषण : जगाची भूक मिटवायला निघालेला शास्त्रज्ञ तुरुंगात अन्नावाचून का गेला?

जगातल्या पहिल्या मोठ्या बियाणे बँकांपैकी एक उभारणारे रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोव्हच्या तुरुंगात कुपोषणाने खंगून मरण पावले. आरोप होता सोव्हिएत शेतीची जाणूनबुजून नासधूस केल्याचा आणि हेरगिरीचा. त्यांच्यावर ही वेळ का आली?

कोण होते वाविलोव्ह?

जन्म १८८७ चा, मॉस्कोचा. वडील शेतकरी घरातले, पुढे कापडाचे व्यापारी झाले. कृषी शिक्षणानंतर १९१३-१४ मध्ये निकोलाय इंग्लंडला विल्यम बेटसन यांच्याकडे शिकले. ‘जेनेटिक्स’ हा शब्द रूढ करणारे बेटसन ते हेच. १९१७ मध्ये ते सारातोव्हला प्राध्यापक झाले आणि १९२१ पासून पेट्रोग्राड, म्हणजे नंतरच्या लेनिनग्राडमधली वनस्पती संस्था त्यांच्या हाती आली.

बिया कशासाठी गोळा केल्या?

ज्या मुलखात एखाद्या पिकाचे सर्वाधिक वाण आढळतात, तिथेच ते पहिल्यांदा लागवडीखाली आले असावे, असे वाविलोव्ह यांनी १९२६ मध्ये मांडले. हे प्रत्येक पिकाला तंतोतंत लागू पडत नाही, हे पुढच्या संशोधकांनी दाखवले. पण त्यातली व्यावहारिक बाजू आजही पक्की आहे. रोगाला किंवा थंडीला तोंड देणारे गुण जुन्या, स्थानिक वाणांत आणि रानटी जातींत दडलेले असतात. ते वाण नष्ट झाले, तर नवे वाण घडवायला कच्चा मालच उरत नाही. म्हणजे हा एका अर्थाने शेतीचा बॅकअप होता.

त्यासाठी ते इराण, अफगाणिस्तान, इथिओपिया, पश्चिम चीन, जपान, मेक्सिको, दक्षिण अमेरिका असे फिरले. भात, वांगे, काकडी, आंबा यांचे मूळ घर त्यांनी भारतीय उपखंडात दाखवले. संस्थेतल्या नमुन्यांची संख्या सुमारे २.५ लाखांवर गेली.

मग बिनसले कुठे?

सामूहिक शेतीची सक्ती आणि १९३२-३३ चा भीषण दुष्काळ, यानंतर स्टालिनना झटपट उत्पादनवाढ हवी होती. नवे वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षे लागतात, हे वाविलोव्ह यांचे उत्तर सरकारला रुचणारे नव्हते. ट्रोफिम लायसेन्को मात्र झटपट उपाय सांगत होते. ओलावलेले बियाणे थंडीत ठेवले की पीक लवकर फुलोऱ्यावर येते, हे खरेच आहे. पण असा बदल पुढच्या पिढ्यांतही उतरतो, हा त्यांचा दावा चुकीचा होता. सुरुवातीला याच लायसेन्कोंना वाविलोव्ह यांनी पाठिंबा दिला होता! १९३८ मध्ये लायसेन्को कृषी विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले आणि आनुवंशशास्त्र सांगणे हाच देशद्रोह ठरू लागला. वाविलोव्ह मागे हटले नाहीत.

६ ऑगस्ट १९४० रोजी युक्रेनमध्ये वनस्पती गोळा करतानाच त्यांना अटक झाली. शेकडो वेळा चौकशी झाली. जुलै १९४१ मध्ये फाशीची शिक्षा झाली, पुढे ती २० वर्षांच्या कैदेवर आली. रवानगी झाली ती सारातोव्हला, जिथे ते कधीकाळी शिकवत होते. मसुरीच्या अभ्यासक असलेल्या त्यांच्या पत्नी येलेना बारुलिना तेव्हा त्याच शहरात हलाखीत राहत होत्या. पती मॉस्कोत आहेत असे समजून त्या तिकडे खाण्याचे डबे पाठवत राहिल्या.

बियाण्यांचे काय झाले?

त्याच काळात लेनिनग्राडला जर्मन फौजांचा वेढा पडला होता. तो जवळपास ९०० दिवस चालला. लाखो माणसे भुकेने मेली. संस्थेच्या कपाटांत भात, गहू, शेंगदाणे, डाळी भरलेल्या होत्या. कर्मचाऱ्यांनी त्यांना हात लावला नाही. भाताचे तज्ज्ञ दिमित्री इव्हानोव्ह भुकेने गेले, पण त्यांच्या ताब्यातली भाताची पाकिटे तशीच होती. इतरही अनेक सहकारी गेले. बहुतांश संग्रह वाचला.

वाविलोव्ह यांचे भाऊ सर्गेई हे भौतिकशास्त्रज्ञ. १९४५ मध्ये ते त्याच राजवटीत विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. १९४८ मध्ये आनुवंशशास्त्रावर उघड बंदीच आली. वाविलोव्ह यांच्यावरील आरोप १९५५ मध्ये रद्द झाले, पुढे लेनिनग्राडच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले. मॉस्कोतल्या जेनेटिक्स संस्थेचे संचालकपद त्यांच्या अटकेनंतर लायसेन्कोंकडे गेले होते. ते लायसेन्कोंनी १९६५ पर्यंत सोडले नाही.